उकिरड्याची ऊब

माझ्या सुनेला लाज नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे; पाठीमागे बोलायची मला सवय नाही. सकाळी चहा उतरला की ही बादली उचलते आणि लोकांच्या मागच्या दारी जाऊन उभी राहते. भाजीची देठं, फळांची सालं, अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा, शिळंपाकं. मागते. ज्या घरातून कधी कुणी रिकाम्या हाताने परत गेलं नाही, त्या घरची सून लोकांचं खरकटं मागते, आणि निघताना वर "उद्यापण येते हं" म्हणते.

शिवणवाली पाण्यावर सगळ्यांसमोर मला म्हणाली, "काकू, डुक्कर पाळलंत की काय?"

"पाळलं नाही गं," मी म्हटलं, "पण आत्ता बोलताना ऐकलं."

बायका हसल्या. मी मान ताठ ठेवून घागर उचलली. पण घरी आल्यावर ती बादली अंगणात अशी आपटली की कडी निखळली.

"दारोदार फिरायचं तर कटोराच घे ना. बादली कशाला?"

"आई, ते लोक टाकूनच देतात."

"टाकू देत. टाकतात ते. उचलतो आपण."

तिने सांडलेली सालं गोळा केली, कडी दगडाने ठोकून बसवली आणि मागे गेली. उलट उत्तर देत नाही, हीच तिची मोठी खोड. भिंतीवर चेंडू मारला तर तो परत तरी येतो. हिच्यावर शब्द टाकला की आत मुरतो.

हे सगळं कशापायी, तर मातीपायी. माझ्या मुलाने माती विकली. जमीन नाही विकली, नुसती माती. मी तेव्हा बहिणीच्या आजारपणात तिच्याकडे होते. परत आले आणि मागचं दार उघडून सवयीने पाय टाकला, तर पाय खालीच गेला. शेत होतं तिथे नव्हतं. जिन्याची पायरी असावी तसं खाली उतरलं होतं, ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत, सपाट खरवडलेलं. वरची काळी माती वीटभट्टीवाल्याने गाड्या भरून नेली होती.

"हातभरच काढलीय आई," मुलगा म्हणाला. "मातीखाली मातीच असते ना."

एवढा शेतात वाढलेला पोरगा, आणि असं बोलला. मातीखाली माती नसते. मातीखाली मुरूम असतो, पिवळट, हाडासारखा. पहार मारली तर रिकाम्या हंड्यासारखी वाजायची ती जागा. पेरलं ते उगवलं नाही. बरं, पीक रुसलं तर रुसलं, तणसुद्धा आलं नाही. आयुष्यभर ज्या लाल देठाच्या तणाला मी शिव्या घालत उपटलं, ते एक रोप दिसेना तेव्हा मी ते शोधत शेतभर फिरले. पावसाचं पाणी साचायचं तर त्यात बेडूक ओरडायचा नाही. चालताना आपल्याच पावलांचा आवाज मागून यायचा, जरासा उशिरा.

शेत गेलं म्हणून मुलगा त्याच भट्टीवर विटा थापायला जाऊ लागला. म्हणजे आमचीच माती, आमचाच गडी, आणि साचा दुसऱ्याचा. त्या मातीच्या पहिल्या विटांनी भट्टीवाल्याने स्वतःचं घर बांधलं, शेताच्या पलीकडे, आमच्या मागच्या दारातून समोर दिसेल असं.

मातीची एकच पट्टी उरली होती, घराला लागून, खाटेएवढ्या रुंदीची. त्या पट्टीच्या टोकाला सुनेने चार खुंट ठोकले, बाजूंनी गोणपाट बांधलं आणि आपला उकिरडा मांडला.

उकिरडा म्हटलं की ती नाराज व्हायची. "खत आहे आई." पण करायची मन लावून, ते मी नाकारणार नाही. सालं विळीवर बारीक करायची. एक थर ओला, त्यावर सुक्या पाल्याचा. वास आला की आणखी पाला. मूठ वळून बघायची. पिळलेल्या फडक्याइतकी ओल पाहिजे, पाणी गळता कामा नये. दाताळ्याने वरचं खाली, खालचं वर करायची. मी मागच्या दारातून बघायची आणि दोष काढायची. दोष सापडत नव्हता म्हणून आवाज चढवून काढायची.

थंडी पडली आणि एका सकाळी ढिगातून वाफ निघताना दिसली.

"पेटलं काय गं ते?"

"नाही आई. आतून तापतं. हात घालून बघा."

मी हात घातला. कोपरापर्यंत. अंगात ताप असलेल्या माणसाच्या काखेत हात घालावा तशी ऊब होती. आणि ती सारखी नव्हती. थोडी वाढायची, थोडी ओसरायची. मी हात काढून पदराला पुसला.

"कुजताना तापतंच," मी म्हटलं. "त्यात काय एवढं?"

पण त्या दिवसापासून वाटेवरचं कुत्रं आमच्या मागे फिरकेना. उकिरडा, त्यात शिळं अन्न, आणि कुत्रं लांब उभं राहून शेपूट पायात घालतं, हे मी कुठे पाहिलं नव्हतं.

मग तो खळगा. सून संध्याकाळी ढीग वरून सारखा करून गोणपाट टाकायची. सकाळी गोणपाटासकट वर खळगा पडलेला असायचा, कुणी बसून उठल्यासारखा. ती परत सारखा करायची. दुसऱ्या सकाळी परत.

"आई, इथे कोण येऊन बसतं?"

"कोण बसणार उकिरड्यावर? आतून कुजतो, मध्ये खचतो. एवढं कळत नाही?"

तिने खळग्यावर हात फिरवला. मग म्हणाली, "मध्ये नाही खचत. डावीकडे खचतो."

माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली; हिने त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही. काम उरकल्यावर ते त्याच कोपऱ्यात, बांधावर बसायचे. उजवी मांडी धरायची म्हणून डावीकडे कलून. अंगाने भरलेला माणूस. बांधावरची ती जागा गुळगुळीत झाली होती. बांधासकट ती भट्टीत गेली.

हे मी सुनेला सांगितलं नाही. तिला म्हटलं, "पाला जास्त घाल."

मुलाची झोप उडाली होती. अंगावर मांस राहिलं नव्हतं. जेवायला बसला तरी ताटाकडे बघत राहायचा. एके दुपारी हात धुऊन आला तर बोटांच्या पेरांत माती तशीच.

"नीट धू. ताटात हात घालायचाय."

"निघत नाही आई." त्याने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "दुसऱ्यांच्या शेतातली माती साच्यातून टपकन सुटते. आपली सुटत नाही. भट्टीवर तिचा ढिगारा आहे अजून. डोळे मिटून हात घातला तरी कळतं, ही आपली. हात धरून बसते."

सून वाढता वाढता थांबली.

"जेव मुकाट्याने," मी म्हटलं. "माती धरत नसते कुणाला."

दुसऱ्या दिवशी उजाडता तो अंथरुणात नव्हता. ढिगाला टेकून झोपलेला सापडला, दवात भिजलेला, एक हात खांद्यापर्यंत आत खुपसलेला. चेहरा असा शांत की मी आधी नाकापुढे बोट धरलं. हलवलं तेव्हा डोळे उघडले.

"इथे झोप लागते आई," म्हणाला. "इथे ऊब आहे."

हात बाहेर काढायला त्याला जोर लावावा लागला. मी पाहिलं.

थंडी सरता सरता ढिगातून भोपळ्याचा वेल फुटला. बी कुणी लावलं नव्हतं. कुणाच्या तरी घरच्या सालींतून आलेलं असणार. वेल फुटला ह्यात नवल नाही. पण वेल आधार शोधतो. हाताशी कुंपण होतं, खुंट होते, पेरूचं झाड होतं. त्याने ह्यातल्या कशाला हात लावला नाही. पट्टीची कड उतरून तो खाली त्या मेलेल्या शेतात गेला आणि मुरमावरून सरळ पलीकडे निघाला. सुतळी ताणावी तसा सरळ. ऊन असं पडायचं की मुरमावर पाय ठरेना, आणि ह्याची पानं ताठ हिरवी. रोज सकाळी बघावं तर आणखी पुढे. फुलं येत होती, फळ धरत नव्हतं. त्याला फळ धरायला सवडच नसावी.

"कुठे चाललाय गं हा?" मी सुनेला विचारलं.

तिने बोट केलं. समोर भट्टीवाल्याचं घर.

तोवर सुनेची बादली त्या घरीही जात होती, हे मला माहीत नव्हतं. कळलं तेव्हा मी तिच्या मागोमाग गेले. म्हटलं, आज हिला त्याच दारात धरते आणि फरफटत आणते. बघते तर ही मोरीच्या कडेला उभी, मान खाली, नोकराने दारात उभं राहावं तशी. मी तोंड उघडणार तोच भट्टीवाली बाहेर आली. एरवी रस्त्यात नाक वर करून जाणारी बाई. पण मला बघितलं आणि हातच धरला.

"मावशी, बरं झालं आलात. आत या. ह्या भिंतीला हात लावून बघा."

घराची सावलीची बाजू होती ती, कधी ऊन न लागणारी. मी तळवा टेकला. भिंत गरम होती. नुसती गरम असती तर चालून गेलं असतं. थोडी वाढायची, थोडी ओसरायची. आणि ओली होती. विटांमधून घाम फुटावा तसे थेंब.

"भाजलेल्या विटेला ऊब कशाने राहील, सांगा ना," ती हळू आवाजात म्हणाली. "हे म्हणतात, पाणी मुरतंय. पाण्याचा नळसुद्धा नाही ह्या बाजूला. आणि हे बघा."

खाली, जमिनीपासून वीतभर वर, विटेतून रोप उगवलं होतं. दोन विटांच्या फटीत नव्हतं, विटेच्याच पोटातून आलं होतं. लाल देठ, बारीक पान. ओळखीचं तण म्हणजे नात्यातलं माणूस; मी बघताक्षणी ओळखलं. भट्टीच्या आगीतून बी जिवंत राहत नाही, हे मलाही कळतं. मी शाळेत फार गेले नाही, पण चुलीसमोर आयुष्य काढलंय.

"उपटलं तर परत येतं," भट्टीवाली म्हणाली. आणि सुनेची बादली स्वतःच्या हाताने भरू लागली. सालं, देठं, त्यावर धडधाकट भाजी, न चिरलेली. "ने बाई. सगळं ने. पुरेल ना तिकडे?"

"कुणाला पुरेल?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बादली आणखी दाबून भरली.

येताना सून पुढे, मी मागे. रस्ताभर मी तिला काही बोलले नाही. घरी येऊन दोन घोट पाणी प्यायले तेव्हा मला ते जाणवलं.

त्याच आठवड्यात भट्टीवाला आला. ओसरीवर बसला नाही, उभ्यानेच बोलला.

"मावशी, घरालगतची ती पट्टी उद्या काढतोय. पोराने शब्द दिलाय."

मी मुलाकडे बघितलं. तो दाराच्या चौकटीला नख लावत होता.

"दिलास?"

"नाही दिला तर कामावर येऊ नको म्हणाले."

"पट्टी काढली तर हे घर उंबऱ्यासकट खाली येईल," मी भट्टीवाल्याला म्हटलं. "खाटेएवढी माती उरलीय, तीही डोळ्यांत सलते तुला? एवढी खाऊन पोट भरलं नाही?"

"मातीचं म्हणाल तर घमेलंभर निघेल," तो म्हणाला. "पण तो उकिरडा निघायला पाहिजे. तुमचा वेल माझ्या भिंतीला लागलाय. रोज तोडतो. रोज येतो. बायको झोपत नाही माझी."

"मग बायकोला डॉक्टरकडे ने. माझ्या दारात फावडी कशाला आणतोस?"

"शब्द दिलाय पोराने," तो परत म्हणाला आणि गेला.

सून चुलीपाशी बसून होती. मला वाटलं, आता रडेल. रडली नाही. उठली, बादली घेतली आणि फेरीला गेली, रोजच्यासारखी. मला तिचा इतका राग आला की सांगता सोय नाही. जी गोष्ट उद्या खणून काढणार तिला आज कुणी खायला घालतं का?

सकाळी खणणारे आले. भट्टीवरचेच गडी, त्यांचा म्होरक्या पांढऱ्या मिशांचा, हसतमुख. भट्टीवाला पलीकडे, आपल्या घराच्या सावलीत उभा राहिला. जवळ यायला धजला नाही. मी दारात बसले. सून ढिगाच्या बाजूला उभी राहिली. हात बांधून.

"सरा ताई," म्होरक्या म्हणाला. "उकिरडाच तर आहे."

त्याने गोणपाट ओढलं. वरचा खळगा उघडा पडला. तो त्याकडे जरा बघत राहिला, मग बाजूने फावडं घातलं. फावडं दांड्यापर्यंत गेलं, लोण्यात जावं तसं. आणि आतून वाफेचा लोट आला. वाईट वास नव्हता. नांगरलेल्या जमिनीचा वास होता, आणि त्यात घामाचा. मी डोळे मिटले. उन्हातून आलेल्या माणसाची बंडी धुवायला घेताना यायचा तो वास.

म्होरक्याने फावडं ओढलं. येईना. दोन्ही पाय रोवून ओढलं. सुटलं तेव्हा पात्याला पांढऱ्या मुळ्या वेढलेल्या होत्या, बोटं गुंफावीत तशा, आणि पातं हाताला लागेना इतकं तापलेलं. त्याने ते खाली टाकलं.

"शेठ!" तो ओरडून म्हणाला. "हे जितं आहे. जित्यात आपण फावडं घालत नाही."

"अरे, कचरा आहे तो!"

"मग तुम्ही या."

भट्टीवाला आला नाही. त्याने माझ्या मुलाला हाक मारली. "तू काढ! शब्द तुझा आहे!"

मुलाने फावडं उचललं. माझ्याकडे बघितलं नाही, बायकोकडेही नाही. ढिगापाशी गेला. फावडं वर उचललं आणि तसाच उभा राहिला. मग ते बाजूला ठेवलं, हळूच, निजलेल्या पोराजवळ भांडं ठेवावं तसं. गुडघे टेकले आणि दोन्ही हात आत घातले. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत. गाल ढिगाला टेकला.

आम्ही सगळे बघत होतो. श्वासागणिक त्याची पाठ वर-खाली होत होती, आणि तिच्यासोबत ढीगही.

"अरे, काढ हात," मी म्हटलं. "काढ म्हणते ना."

"सोडत नाही, आई," तो म्हणाला, आणि हसला. माती गेल्यापासून पहिल्यांदा हसला.

सून पुढे झाली. त्याला ओढलं नाही तिने. त्याच्या शेजारी बसली, आपला एक हात आत घातला आणि तान्ह्याच्या मुठीतून आपलं बोट काढून घ्यावं तसं काहीतरी आतल्या आत करत राहिली. तोंडाने हळूहळू बोलत होती, त्याच्याशी नाही. "आहोत आम्ही इथेच. कुठे जात नाही. उद्या सकाळी आणते ना." असं. मग त्याचा एक हात बाहेर आला, मग दुसरा. वाफाळलेले. तळव्यांवर भट्टीच्या मातीचा मागमूस नव्हता. पेरं स्वच्छ होती.

म्होरक्याने गड्यांना खूण केली. फावडी खांद्यावर घेऊन ते आले तसे गेले. भट्टीवाला शेताच्या पलीकडून ओरडला, "तुमचं तुम्हाला लखलाभ! उद्यापासून कामावर येऊ नको! आणि तो वेल तेवढा काढून घ्या!"

"वेल माझं ऐकत नाही," मी ओरडून सांगितलं. "माती परत पाठव, तो आपोआप येईल मागे."

मुलगा दिवसभर झोपला, घरात, अंथरुणावर. उठल्यावर जेवला आणि परत वाढ म्हणाला. काम गेलं होतं. उद्याचं उद्या.

उन्हं कलल्यावर मी एकटीच मागे गेले. सुनेने ढीग पुन्हा सारखा करून गोणपाट घातलं होतं. खाली मुरमाच्या कडेला तिने तयार खताची घमेलंभर काळी माती पसरली होती, सुपाएवढी जागा. मी उतरून तिथे पाय दिला. माती गेल्यापासून शेतात पहिल्यांदाच माझ्या पावलाचा आवाज आला नाही. वाकून बघितलं, तर लाल देठाची दोन पानं वर आलेली. मी उपटली नाहीत.

वर आले. ढिगावर खळगा पडला होता. दिवसाउजेडी, माझ्या देखत. मी पाठ वळवून खाली उतरले तेवढ्यात.

मी इकडेतिकडे बघितलं आणि बसले. ऊब होती. थोडी वाढायची, थोडी ओसरायची. जागा माझ्या मापाची नव्हती. भरलेल्या अंगाच्या माणसाची होती, डावीकडे खोल. त्याच्या उजवीकडे, सपाटीवर, मी टेकले होते. ते बांधावर बसायचे तेव्हाही मी तिथेच टेकायची.

मागून सून आली. हातात बादली, सकाळच्या फेरीसाठी घासलेली. मला उकिरड्यावर बसलेली बघून दारातच थबकली. हसली असती तर मी तिला जन्मभर माफ केलं नसतं.

"आई?"

"इकडे ये," मी म्हटलं. "उभी का? बोलते ते ऐक. तू लोकांच्या दारात मान खाली घालून उभी राहतेस, ते मला पटत नाही. पहिल्या दिवसापासून पटलं नाही. मागायची तुला अक्कल नाही. दे ती बादली. उद्यापासून फेरी मी करणार, आणि पहिली त्या भट्टीवाल्याच्या दारात, पुढच्या दारात, मोरीपाशी नाही. खरकटं मागायला नाही आले म्हणून सांगेन. आमचं आहे ते न्यायला आलेय, थोडं थोडं. आणि तू इथे थांब. ह्या ढिगाला वाऱ्यावर सोडून जायचं नाही. तुझा हात कळतो त्याला."